सहलीची तारीख आणि समुद्राची तिथी

गुरुकुंज मोझरीला समुद्राचं काय काम, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. अमरावती-नागपूर हमरस्त्यावरच्या तिवसा तालुक्यातल्या या गावापासून कोकणचा किनारा सातशे-आठशे किलोमीटर दूर. पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वऱ्हाडातून निघणाऱ्या गाड्या आता शेगाव-पंढरपूर करून परतत नाहीत. त्या अलिबागला जातात, दापोलीजवळच्या कर्द्याला, गणपतीपुळ्याला, तारकर्लीला, थेट कळंगुटला जातात, आणि तिथे वाळूला लागून उभ्या असलेल्या रिसॉर्टांच्या रांगेत उतरतात. जून २०१८ मध्ये अकोल्याहून गोव्याला गेलेल्या चौदा जणांच्या गटातले पाच जण कळंगुटच्या पाण्यात बुडाले. अशी बातमी आली की दोन दिवस हळहळ होते, 'पोरं ऐकत नाहीत' हा निकाल लागतो आणि पुढची गाडी भरायला लागते. माझं म्हणणं वेगळं आहे. समुद्रावर गेलेला वऱ्हाडी माणूस किती धोक्यात सापडणार, याचा बराचसा निर्णय किनाऱ्यावर होतच नाही. तो इथे, मोझरीत होतो, सहलीची तारीख आणि गाडी सुटायची वेळ ठरते तेव्हा. यावर जे आक्षेप येतात ते मी सहली काढणाऱ्या एका भाऊच्या तोंडी घातले आहेत. हा भाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. अशी माणसं जे बोलतात, आणि बऱ्याचदा बरोबर बोलतात, त्याचा तो आवाज आहे.

भाऊ : गुरुजी, लगन पंचांग पाहून, पेरनी नक्षत्र पाहून, आता समुद्रात पाय बुडवाचा तो बी पंचांग पाहूनच काय? वर्साचे चार दिवस भेटते आमच्या मान्साले. थो पोट्ट्यायले समुद्र दाखवाले नेते. त्याले भेव काऊन दाखवून रायले तुम्ही?

मी : भाऊ, थट्टेत तुम्ही नेमकं बोललात. समुद्राचं वेळापत्रक खरोखरच पंचांगात असतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच उशिरा येते. म्हणून कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, बारा वाजल्यापासून तेवढे तास मोजा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. काटेकोर हिशेबात तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं धरायला हवीत, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत पोचता पोचता हा ठोकताळा पाऊण तास मागे पडतो. शिवाय तो मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवण-गोव्याला भरती आणखी लवकर येते. पण दिवसाचा आराखडा करायला एवढं पुरतं. मोझरीचंच उदाहरण घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला असते. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी इथे लाखो माणसं मौन धरून उभी असतात तेव्हा अलिबागला भरती होऊन तास-सव्वा तास झालेला असतो आणि पाणी बाहेर निघालेलं असतं. तिथी आणि मिनिट या दोन्हींचा एवढा आदर ज्या गावाला आहे त्या गावाला भरतीचं गणित अवघड का जावं? आणि यात भेव कसलं? मृगाच्या आधी कोरड्यात पेरू नका असं सांगणारा माणूस शेतीचं भेव दाखवत नसतो.

भाऊ : गनित समजलं. पन त्यानं होते काय? समुद्र तं समुद्रच हाये. सकाळी गेला का संध्याकाळी गेला, मानूस कमरेपत्तरच्या पान्यात उभा राहते.

मी : उभा राहतो, पण कमरेएवढं पाणी तिथेच राहत नाही. अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याची पातळी चार मीटरांच्या घरात चढते-उतरते. गोव्यात ती चढउतार दोनेक मीटर, तर वर भावनगरला दहा मीटरांच्याही पुढे. आता किनारा सपाट असेल, समजा पन्नास पावलांना एक पाऊल असा उतार, तर चार मीटर पाणी चढायचं म्हणजे पाण्याची कड दोनशे मीटर आत यायची. हे सहा तासांत सारखं होत नाही. दर्यावर्दी लोक बारा वाटे करतात : पहिल्या तासाला एक वाटा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत सरकतं. कड शंभर मीटर आत येते तीही त्याच दोन तासांत, आणि खाडीच्या तोंडाशी किंवा खडकांच्या फटीत ओढ सगळ्यांत जास्त असते तीही तेव्हाच. अलिबागचा कुलाबा किल्ला या गणिताची प्रयोगशाळाच आहे. ओहोटीला चालत जाता येतं, वर गेलेला माणूस तटबंदी पाहत, फोटो काढत रमतो, आणि परतताना मध्ये पाणी. हरिहरेश्वरला देवाची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून आहे. ती ओहोटीलाच करायची असते. देवस्थानानंच जिथे भरती-ओहोटी पाळली, तिथे सहलीनं का पाळू नये?

आता रिसॉर्टच्या दिवसाकडे पाहा. तिथे प्रत्येक दिवस सारखा. दुपारी खोली ताब्यात, चारला चहा, पाच ते साडेसहा पाण्यात, सूर्यास्ताचा फोटो, आठला जेवण. कॅटलॉगातला समुद्रही रोज सारखाच. पण याच पाच ते साडेसहाच्या वेळेला तिथीनुसार चार वेगळे समुद्र समोर असतात. अमावास्या-पौर्णिमेला सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी : विस्तीर्ण पुळण, लोक लांब खडकांपर्यंत चालत जातात आणि अंधार पडताना पाणी त्यांच्या मागून फिरतं. चतुर्थी-पंचमीला त्या वेळी ओहोटी भरात : पाणी वाळूवरून बाहेर निघालेलं. अष्टमीला भरती पूर्ण, किनारा अरुंद, लाट थेट बांधावर. एकादशीच्या आसपास पाणी चढतं. गणपतीपुळ्याचं तर मला विशेष वाटतं. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. देवळासमोरच समुद्र, अंगारकीला गर्दी तुडुंब, आणि दुपारी दोन-तीनपासून रात्रीपर्यंत ओहोटी. दर्शन आटोपून, प्रसाद घेऊन, पोरांना घेऊन माणूस ज्या वेळी पाण्याकडे वळतो नेमकी ती वेळ पाणी माघारी जाण्याची. आपली सर्वांत मोठी सुट्टीही पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज शुद्ध द्वितीयेला. उधाण सर्वांत मोठं येतं ते बहुधा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे वऱ्हाडातली दिवाळीची सहल किनाऱ्यावर पोचते ती पंधरवड्यातल्या सर्वांत मोठ्या पाण्याच्या तोंडाशी, आणि हे गाडीतल्या कुणालाच ठाऊक नसतं.

भाऊ : मंग मी बी एक हिशेब सांगतो. फेब्रुवारी २०१६. मुरूडले पुन्याच्या कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या बुडाल्या, चौदा जन. थ्या दिवशी कोनती तिथी होती? अष्टमी. तुमच्या पंचांगानं अष्टमी म्हन्जे सगळ्यात गरीब पानी. झालं काय मंग तुमचं गनित?

मी : हा आक्षेप खरा वजनाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. १ फेब्रुवारी २०१६, वद्य अष्टमी, कोकणी भाषेत भांगाचं पाणी. उधाणाच्या उलट, चढउतार कमी. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला त्या दुपारी चौदा विद्यार्थी बुडाले. तिथीनं त्यांना बुडवलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण तिथीतून दोन गोष्टी निघतात, पाणी किती आणि पाणी कुठल्या दिशेला. पहिल्या गोष्टीत अष्टमी सौम्य. दुसरीत मात्र नाही : अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला, म्हणजे दुपारी दोन ते चार हे पाणी सगळ्यांत वेगानं चढण्याचे तास. जेवणानंतर सहलीतली मुलं साधारण त्याच वेळी पाण्यात उतरतात. ज्याला फक्त 'आज उधाण आहे का' एवढंच विचारायची सवय आहे तो अष्टमीला बेसावध राहील. म्हणून विचारायचं ते 'आत्ता पाणी येतंय की जातंय'. तुमच्या आक्षेपानं माझं म्हणणं मोडत नाही, पण तो त्याला कान पिळून नीट करतो, हे मात्र कबूल.

याहून मोठी कबुली दुसरी आहे. किनाऱ्यावर पोहणाऱ्यांचे जीव घेते ती पुष्कळदा भरती-ओहोटी नसते, परतीच्या पाण्याची ओढ असते. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, त्याला परत जायला वाट हवी असते, आणि वाळूच्या बुडालेल्या दांड्यात जिथे खिंड असेल तिथून ते सगळं एका पट्ट्यात बाहेर धावतं. गंमत अशी की त्या पट्ट्यावर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. ही ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहणारा दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडणारा वाचतो. ही ओढ तिथीवर थोडी आणि लाटांवर फार अवलंबून असते. पाणी उतरलेलं असताना त्या खिंडींत ती अनेकदा वाढते एवढाच तिचा ओहोटीशी संबंध. लाटा येतात वाऱ्यानं, पावसाळ्यात अरबी समुद्रभर; त्या कुठल्याही पंचांगात छापलेल्या नसतात. त्यासाठी किनाऱ्यावरचा लाल झेंडा आणि जीवरक्षक यांना पर्याय नाही. पंचांग हे एक घड्याळ, झेंडा हे दुसरं. पहिलं मोझरीत पाहता येतं, दुसरं तिथे गेल्यावर, दोन्ही पाहायची.

भाऊ : आमचे पोट्टे काई लेचेपेचे नाईत. पन्नास फूट खोल हिरीत उड्या मारते. पुराच्या वर्धेत पोहनारे हायेत.

मी : नेमकं हेच मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. अजिबात न पोहणारा माणूस गुडघ्याच्या वर जात नाही. विहिरीत शिकलेला जातो. विहिरीतलं पाणी स्थिर. दमलात की दोन हात मारून कपार धरायची. विहिरीत जे कौशल्य येतं ते तरंगण्याचं आणि दमाचं, पण कडा कायम हाताच्या अंतरावर असते हा विश्वासही त्यासोबत अंगात मुरतो. नदी वाहते, पण एकाच दिशेला; पोहणारा तिरका जातो, खाली कुठेतरी काठाला लागतो. समुद्रात ओढीच्या पट्ट्यात सापडलेला माणूस कडेकडे वळतो कारण विहिरीनं त्याला तेच शिकवलंय, आणि तिथे तेच चुकीचं असतं. आणि नदीचं म्हणाल तर १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धेत नाव उलटून अकरा माणसं गेली; दशक्रियेसाठी आलेलं कुटुंब होतं. आपल्या ओळखीच्या नदीत हे झालं. वर्धेचा पूर कधी येतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी. समुद्राचं तर इथे कुणाला काहीच ठाऊक नाही. शिवाय गटात एक ओढला गेला की बाकीचे धावतात, हे आपल्याकडच्या मायेचंच लक्षण. पण हात धरायला गेलेला दुसरा, त्याला धरायला तिसरा, असाच आकडा वाढतो. रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीला बांधून फेकता येतो, तो प्रत्येक गाडीच्या डिकीत असतोच.

भाऊ : बरं. मंग सरकारनं पावसाळ्यात बंदी घालावी, अन् रिसॉर्टवाल्यानं मान्सं ठेवाव. खोलीचे हजारो रुपये घेते थो. माह्यावर कायले टाकून रायले?

मी : रिसॉर्टवाल्याला मी सोडत नाही. समोर समुद्र दिसतो म्हणून ज्या खोलीचं भाडं जास्त, त्या खोलीच्या दारावर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ लिहिलेली असावी, ही मागणी साधी आहे आणि तिला खर्च नाही. 'पाण्यात उतरू नका, आम्ही जबाबदार नाही' ही कायमची पाटी त्याऐवजी चालणार नाही. ती पाटी मालकाला वाचवते, पाहुण्याला नाही, कारण जी पाटी वर्षभर एकच गोष्ट सांगते ती तिसऱ्या दिवशी दिसेनाशी होते. सरकारचंही तेच. गोव्यानं २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले, आणि त्यांनी खूप जीव वाचवले आहेत. महाराष्ट्रातल्या किनाऱ्यांवर त्या तोडीची व्यवस्था सगळीकडे नाही, हे मागायलाच हवं. बंदीवर मात्र माझा फार भरवसा नाही. मुरूड फेब्रुवारीत घडलं. मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले ते एप्रिल २०१७ मध्ये. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. बंदीनं वर्षाचे चार महिने झाकले की उरलेले आठ सुरक्षित असा समज पसरतो, आणि बहुतेक सहली तर त्याच आठ महिन्यांत निघतात.

पण भाऊ, कळंगुटकडे पुन्हा पाहा. तिथे जीवरक्षक आहेत, झेंडे आहेत. अकोल्याची मंडळी पाण्यात उतरली ती सकाळी लवकर, जीवरक्षकांची पाळी सुरू होण्याआधी. महिना जून, अमावास्या दोन दिवसांवर. सकाळी लवकरच का? कारण लांबून येणारी प्रत्येक सहल तशीच आखलेली असते. रात्रभर प्रवास करायचा म्हणजे एका मुक्कामाचं भाडं वाचतं, पहाटे पोचायचं, खोली दुपारी मिळणार, तोवर सामान गाडीत आणि माणसं किनाऱ्यावर. झोप नाही, पोट रिकामं, कधी कधी पोटात भलतंच काही, आणि समोर जन्मात पहिल्यांदा समुद्र. त्या तासाला किनाऱ्यावर सावध करायला कुणी नसतं. हा तास रिसॉर्टनं ठरवलेला नाही, सरकारनंही नाही. तो गाडी सुटायची वेळ ठरवणाऱ्यानं ठरवला, सातशे किलोमीटर अलीकडे. म्हणून मी तुमच्याकडे येतो. दोष द्यायला नव्हे. ती एक वेळ बदलण्याची ताकद साऱ्या साखळीत तुमच्याच हातात आहे, म्हणून.

भाऊ : तारीख मी बदलवू शकत नाई, गुरुजी. दिवाळीतच सोयाबीन घरी येते, मंग कपाशीचा सीतादही, म्हन्जे वेचनी, सुरू होते. शाळेची सुट्टी तवाच. मान्सं तवाच मोकळे. अष्टमीले चला म्हनलं तं कोन येईन?

मी : तारीख नका बदलू. शेतकऱ्याची आणि शाळेची सुट्टी तिथीच्या सोयीनं हलत नाही, हे मान्य. कागदावर सल्ला देणाऱ्यांना हे कधी कळत नाही. तारीख ठरलेली असेल तर दिवसाचे तास बदला. भाऊबीजेचा दिवस घेऊ. शुद्ध द्वितीया, दोन पाऊणे दीड. भरती दुपारी दीडला, ओहोटी सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला. म्हणजे दुपारी तीननंतर सूर्यास्तापर्यंत मोठं पाणी बाहेर निघालेलं असणार. ती संध्याकाळ कोरड्या वाळूवर काढायची. भेळ, घोडागाडी, सूर्यास्त, फोटो; पाण्यात उतरायचं नाही आणि लांबच्या खडकांवर जायचं नाही. पाण्यात जायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जीवरक्षक जागेवर आल्यावर, त्यानं दाखवलेल्या दोन झेंड्यांच्या मध्ये, मोठ्यांनी कंबरेपर्यंत, लहानांनी गुडघ्यापर्यंत आणि हात धरून. जीवरक्षक नसेल तिथे गावातल्या कोळ्याला विचारायचं, रिसॉर्टच्या वेटरला नव्हे; वेटर बहुधा आपल्यासारखाच दुरून आलेला असतो. हे सगळं गाडी सुटण्याआधी, माणसं बसल्यावर, एकदा माईकवर सांगायचं. इथे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सूचना ऐकून घ्यायची लोकांना सवय आहे. गाडी किनाऱ्याला लागल्यावर कुणी ऐकत नाही.

भाऊ : अन् पहाटे पोचाचं नाई म्हन्ता. म्हन्जे आदल्या दिवशी मधात कोठीतरी मुक्काम. एक रात वाढते. मानशी पैसे वाढते. दुसरा सहलवाला सस्ती गाडी काढते अन् माही रिकामी राहते. हे कोन भरून देईन?

मी : कुणी भरून देणार नाही. तुमचा दर त्याच्यापेक्षा जास्त राहील आणि काही माणसं त्याच्याकडे जातील, हे आत्ताच धरून चला. तरी दोन गोष्टी करता येतात. पहाटे पोचणारी गाडी काढायचीच असेल तर तिच्या पहिल्या थांब्यातून समुद्र काढा. आधी देऊळ, नाश्ता, आंघोळीला एखादी धर्मशाळा, आणि किनारा जेवणानंतर, तोही तिथीचं गणित करून. यात मुक्काम वाढत नाही. आणि मुक्काम वाढवणार असाल तर त्याचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवू नका, एकूण दरातच मिसळा. वेगळा दिसला की घासाघीस करताना सगळ्यांत आधी तोच कापला जातो, आणि मग गाडी पुन्हा पहाटे पाचला किनाऱ्यावर उभी राहते.